मीटरवर बारा व्होल्ट, आणि पंप उपाशी

सेल्फ मारला की इंजिन खणखणीत फिरायचं, पण पेटायचं नाही. चार-पाचदा किल्ली ऑन-ऑफ केली की एखाद्या वेळी पेटायचं, आणि मग दिवसभर तक्रार नाही. मेकॅनिकने मागच्या सीटला कान लावून निकाल दिला, "पेट्रोलचा पंप गेला. बदलून टाकू." मी "बघतो" म्हणालो आणि गाडी पेटली तशी घरी आणली.

किल्ली ऑन केली की टाकीतला पंप दोनेक सेकंद 'घूं' करतो, लाइनमध्ये दाब भरून थांबतो. माझा पंप गप्प नव्हता, कण्हत होता. जुना झालेला पंपही असाच कण्हतो, त्यामुळे मेकॅनिक चुकलाच असं नाही. पण मीटर कुणीच लावला नव्हता.

फ्यूज शाबूत होता. पंपाला वीज जोडणारा स्विच म्हणजे रिले. हॉर्नचा रिले त्याच नंबरचा होता, म्हणून दोन्हींची अदलाबदल केली. हॉर्न वाजला, कण्हणं तसंच. मग मागचं सीट उचललं, पंपाचा कनेक्टर काढला आणि किल्ली ऑन करून त्याच्या दोन पिनांवर मीटर धरला: १२.४ व्होल्ट. म्हणजे वायरिंग ठीक, पंपच खराब! या आकड्यावर विश्वास ठेवून मी अख्खी संध्याकाळ घालवली.

मीटर स्वतः जवळजवळ करंट ओढतच नाही. वायरचा एक धागा शिल्लक असला, तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. नळ बंद असताना पाइपात दाब पूर्णच असतो. कचरा अडकलाय हे नळ सोडल्यावर कळतं. इथे नळ सोडायचा म्हणजे पंप जोडलेला ठेवून, चालू असताना मोजायचं.

दोन सेकंदांत मोजणार काय? रिले काढून सॉकेटमधल्या ३० आणि ८७ नंबरच्या पिना फ्यूज असलेल्या वायरने जोडल्या. पंप चालूच राहिला. (आधी पेट्रोलचा वास येत नाही ना ते बघा. येत असेल तर ठिणगी पडेल असं काहीही करू नका.) मीटरची काळी तार बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल तार कनेक्टरच्या मागून पंपाच्या अर्थच्या, म्हणजे करंट बॉडीतून बॅटरीकडे परत नेणाऱ्या, वायरला. इथे शून्याच्या आसपास यायला हवं. आले ५.१ व्होल्ट! १२.४ मधले पाच अर्थिंगच खात होतं, पंपाला उरत होते जेमतेम सात.

ती वायर धरून कार्पेटखाली गेलो. बॉडीला बसवलेला बोल्ट, त्याखाली ओलावा आणि गंजाची पूड. बोल्ट खोलण्याआधी बॅटरी सोडवली, पत्रा चकाकेपर्यंत पॉलिश पेपरने घासला, वायरच्या टोकाची कडी (लग) साफ केली, बोल्ट आवळला, वर थोडं ग्रीस. पुन्हा मोजलं तर ०.०६. पंपाचा आवाज इतका चढा झाला की क्षणभर दुसऱ्याच गाडीत बसल्यासारखं वाटलं.

पाणी तिथे पोचलं कसं, हे मात्र अजून सापडलेलं नाही. संशय डिकीच्या रबरावर आहे.