गट नंबर नसलेला वीरगळ

आमच्या इतिहास मंडळाचा वारसा सप्ताह यंदा पार पडला. फक्त ज्या कागदासाठी मी चार महिने चपला झिजवल्या, तो कागद सप्ताह संपल्यावर दोन दिवसांनी हातात पडला. तो राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसलो.

मंडळ कसलं, आम्ही अकरा जण. त्यात निम्मे निवृत्त, आणि मी चिटणीस, म्हणजे हेलपाटे मारणारा. दरवर्षी १९ ते २५ नोव्हेंबर या जागतिक वारसा सप्ताहात आमचं ठरलेलं असतं : शाळेत जुन्या अवजारांचं आणि कागदपत्रांचं प्रदर्शन, एका संध्याकाळी जात्यावरच्या ओव्या, आणि रविवारी बारव (पायऱ्यांची जुनी विहीर) नि वीरगळ (लढताना पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड) बघत गावातून फेरी. शाळेचा हॉल मुख्याध्यापकांनी चहा संपायच्या आत दिला. स्पीकरची परवानगी पोलीस ठाण्यातून दुसऱ्या दिवशी मिळाली.

अडलं ते वीरगळापाशी.

मारुतीच्या देवळामागं, पाण्याच्या टाकीच्या नळाखाली तो आडवा पडलेला होता. साडेतीन-चार फूट उंचीचा. वीरगळ वाचायचा असतो खालून वर : तळाला मरण किंवा त्याचं कारण, मग लढाई, मग वीराला वर घेऊन जाणाऱ्या अप्सरा, आणि सगळ्यात वर शिवलिंगाची पूजा करत बसलेला वीर, माथ्यावर चंद्र-सूर्य. आमच्या दगडाचं तळाचं टोक चिखलात गेलेलं आणि वरच्या भागावर बायका धुणं धुवायच्या. डाव्या अप्सरेचं तोंड साबणानं पार गुळगुळीत झालं होतं. यंदा त्याला छोटा ओटा बांधून उभा करायचा, आणि रविवारची फेरी तिथं संपवायची, असं ठरलं.

केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते, एवढं आम्हाला ठाऊक होतं. आमच्या गावात तसलं स्मारकच नाही. तरी जुना दगड हलवायचा म्हणजे लेखी काहीतरी हाताशी असावं, म्हणून ऑगस्टमध्ये जिल्ह्याच्या ठिकाणी एका कार्यालयात अर्ज टाकला. कुठलं कार्यालय ते लिहीत नाही, पुढच्या वर्षी परत तिथंच जायचंय.

अर्जात चौथा रकाना होता : ‘गट क्रमांक / सर्व्हे क्रमांक’. मी लिहिलं, ‘लागू नाही, जागा गावठाणात आहे.’ बारा दिवसांनी अर्ज परत. चौथ्या रकान्याला लाल पेनानं गोल.

मी गेलो. टेबलावरच्या मॅडम म्हणाल्या, “सर, गट नंबर टाका आणि सातबारा जोडा.”

“मॅडम, गावठाणाला सातबारा नसतो.”

“मग काय असतं?”

याचं उत्तर मला त्या दिवशी देता आलं नाही. ते शोधण्यातच सप्टेंबर गेला.

आधी तलाठ्याकडं गेलो. त्यांच्या दारावर आता ‘ग्राम महसूल अधिकारी’ अशी पाटी आहे, पण हाक अजून भाऊसाहेबच. ते म्हणाले, “गावठाणाची हद्द लागली की माझं दप्तर संपलं. ग्रामपंचायतीत जा.” तिथं दुसरे भाऊसाहेब. त्यांनी नमुना ८ चं रजिस्टर काढलं आणि बोट फिरवत पानं उलटली. घरं, गोठे, पिठाची गिरणी, पतसंस्थेची इमारत, ज्याला ज्याला घरपट्टी आहे ते सगळं त्यात होतं. नळाखालच्या मोकळ्या जागेची घरपट्टी कोण भरणार? “नोंदच नाही तर उतारा कशाचा देऊ?” भाऊसाहेबांचं म्हणणं बिनतोड होतं. ड्रोनची मोजणी झाली होती, गावभर चुन्याच्या रेषा मारून झाल्या होत्या, पण मिळकत पत्रिका, म्हणजे गावठाणातल्या जागांचे उतारे, यायच्या होत्या. कधी? “येतील.”

म्हणजे दगड गावात होता, गाव तालुक्यात होतं, पण दगडाखालची जागा कुठल्याच कागदावर नव्हती.

जिल्ह्याला एकूण सहा खेपा झाल्या. एकदा मॅडम रजेवर, एकदा ट्रेनिंगला. चौथ्या खेपेला मी वीरगळाचा मोठा फोटो छापून नेला. त्यांनी चष्मा वर करून नीट बघितला आणि म्हणाल्या, “आमच्या माहेरी पण आहे असा. शेंदूर लावतात, म्हसोबा म्हणतात त्याला.” मला वाटलं, सुटलो. फोटो परत देत त्या म्हणाल्या, “पण रकाना मोकळा ठेवून फाईल पुढच्या टेबलावर जात नाही हो सर.” बाई वाईट नव्हत्या, हे मुद्दाम सांगतो. त्या रकान्यापुढं त्यांचंही काही चालत नव्हतं. पण त्या दिवशी एसटीत बसून मी मनातल्या मनात त्यांना जे बोललो, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, असा सल्ला पुष्कळांनी दिला. त्याला ३० दिवस, आणि मिळणार माहिती, परवानगी नव्हे.

वाट सापडली ती आमच्याच प्रदर्शनाच्या ट्रंकेत. मंडळात एक आबा आहेत, मोडी वाचतात. यंदा मांडायला एका घराचं जुनं खरेदीखत आलं होतं, ते मला वाचून दाखवत होते : पूर्वेस अमक्याचं घर, पश्चिमेस बोळ, दक्षिणेस रस्ता, उत्तरेस तमक्याचा वाडा, येणेप्रमाणे चतुःसीमा. मध्येच थांबून म्हणाले, “ह्या घराला तरी कुठं नंबर हाय? तरी विकलं गेलंच की.”

दुसऱ्या दिवशी सरपंचांना गाठलं. मासिक सभेत ठराव झाला : सदर पाषाण गावठाणातील सार्वजनिक जागेत असून त्याची चतुःसीमा अशी, पूर्वेस पाण्याची टाकी, पश्चिमेस मारुती मंदिराची मागील भिंत, दक्षिणेस रहदारीचा रस्ता, उत्तरेस गटार. एका सदस्याला वीराच्या कागदात गटार बरं वाटेना. सरपंच म्हणाले, “हाय ते लिवा.” ठरावाची नक्कल, हातानं काढलेला नकाशा आणि दगडाशेजारी मोजपट्टी ठेवून काढलेला फोटो, एवढं जोडून ३ नोव्हेंबरला सहावी खेप केली. मॅडमनी ठराव वाचला, चौथ्या रकान्यात ‘सोबत जोडल्याप्रमाणे’ लिहायला लावलं आणि शिक्का मारला.

तर शहाणपण : विषय १५ ऑगस्टच्या ग्रामसभेतच घ्या, आम्ही ती संधी घालवली. आणि अर्जाच्या आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. आमची पहिली प्रत बिनपोचेची होती, त्यामुळे ऑगस्टचा अर्ज ‘आलेलाच नाही’ असंही एकदा ऐकून झालं.

सप्ताह आडव्या दगडावरच झाला. फेरीतल्या पोरांना माना वाकड्या करून वीर बघावा लागला. ओव्यांच्या संध्याकाळी माईकपुढं आज्या गप्पच बसल्या. एक म्हणाली, “हात हलल्याबिगर शबुद येत न्हाई.” मग शेजारून जातं आणलं, मूठभर ज्वारी टाकली, आणि नऊपर्यंत थांबायचं नाव नाही. तुम्ही करणार असाल तर जातं आधीच आणून ठेवा. प्रदर्शनातल्या प्रत्येक वस्तूला मालकाच्या नावाची चिठ्ठी बांधा. दोन अडकित्त्यांची अदलाबदल झाली, ते भांडण अजून चालू आहे.

पत्र २७ नोव्हेंबरला आलं. सदर पाषाण संरक्षित यादीत नाही, मूळ जागेवरच उभा करण्यास हरकत नाही, वगैरे. वर छोटा तक्ता होता. गाव, तालुका, जिल्हा, आणि गट क्रमांकापुढं टाइप केलेलं : ‘निरंक’. मी ऑगस्टमध्ये लिहिलेलं ‘लागू नाही’ आणि हे ‘निरंक’ यात काय फरक आहे, हे मला कुणीतरी समजावून द्यावं.

डिसेंबरात नऊ जणांनी पहारी लावून, गोणपाट गुंडाळून दगड उचलला. तारेचा ब्रश नि ॲसिड कुणी आणू नये म्हणून आबा काठी घेऊन उभे होते. नुसतं पाणी आणि मऊ ब्रश. चिखल निघाला तसा तळाचा कप्पा दिसला : ओळीनं पाच गाई, शेपट्या वर, आणि त्यांच्या पायाशी पडलेला माणूस. गुरं पळवून नेणाऱ्यांशी लढताना गेलेला होता तो.

नळावरच्या बायकांनी बघितलं, हात जोडले, आणि मग विचारलं, आता धुणं कशावर धुवायचं? खाणीवरून एक सपाट दगड आणून दिला. टेंपोचे चारशे रुपये गेले, ते ‘इतर खर्च’ मध्ये दाखवलेत.