कौशिक, कांट आणि आमचे संस्कृतचे सर

संस्कृतच्या सरांचा ऑफ तास कधीच पाठ्यपुस्तकातून जायचा नाही. नववीत त्यांनी कर्णपर्वातला कौशिक सांगितला. कायम खरंच बोलायचं असं व्रत घेतलेला ब्राह्मण. लुटारूंनी विचारलं, माणसं कुठे पळाली? याने खरं ते सांगून टाकलं. माणसं मारली गेली आणि कौशिक नरकात गेला! प्रतिज्ञेपायी अर्जुन युधिष्ठिरावर तलवार उपसून उभा असताना कृष्ण त्याला ही गोष्ट सांगतो. मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, “सर, गप्प बसला असता तर?” सर एकदम खुलले. म्हणाले, कृष्णही तेच सांगतो. गप्प राहून भागत असेल तर तोंड उघडू नये. बोलावंच लागलं, तर तिथे खोटं बरं.

पुढे तत्त्वज्ञानात एम. ए. करताना जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटचा १७९७ सालचा एक छोटा लेख वाचला आणि चक्रावलोच. खुनी दारात, मित्र घरात लपलेला. बेंजामिन कॉन्स्टंट या फ्रेंच विचारवंताचं म्हणणं, ज्याला सत्याचा हक्क आहे त्याच्याशीच खरं बोलणं बंधनकारक. ७३ वर्षांच्या कांटने ते साफ धुडकावलं. ‘सत्याचा हक्क’ ही भाषाच त्याला मान्य नाही. एखादी गोष्ट खरी असणं कोणाच्या मर्जीवर नसतं. आपल्या हाती असतो तो फक्त आपला खरेपणा, आणि तो सगळ्यांशीच पाळायचा. एकाशी खोटं बोललात तरी करारमदार ज्या विश्वासावर चालतात, त्यालाच धक्का लागतो.

इथवर ठीक. पण तो पुढे म्हणतो, तुम्ही ‘मित्र घरात नाही’ म्हणालात, तो तुमच्या नकळत खरोखरच बाहेर सटकला होता आणि खुन्याला वाटेत सापडला, तर त्याच्या मरणाला तुम्ही जबाबदार! खरं सांगितलं असतं तर कदाचित शेजाऱ्यांनी धावून येऊन खुन्याला धरलं असतं. हा युक्तिवाद मला आजही वकिली वाटतो.

मात्र कांटचा नियमही टाळता न येणाऱ्या उत्तरांपुरताच आहे. म्हणजे कांटचं गाव क्योनिग्सबर्ग आणि कृष्णाचं कुरुक्षेत्र बरंच अंतर सोबत चालतात. फाटा फुटतो तो बोलणं भाग पडल्यावर.

आता कॉलेजात मी हे दोन्ही शेजारी ठेवून शिकवतो. मुलं लगेच कृष्णाच्या बाजूने होतात. मग विचारतो, दारातला माणूस खुनी आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं? तिथून वर्गात भांडण जुंपतं आणि घंटेपर्यंत मला काही बोलावं लागत नाही.