तेरावं गाणं

रविवार, रात्री साडेअकरा

दुपारी कपाट आवरताना ताईची जुनी सीडी हाती लागली. अमेरिकन पॉप गायिका मॅडोनाची, 'द इमॅक्युलेट कलेक्शन'. आवरणं तिथेच राहिलं. सतरा गाणी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली, मधलं एकही न गाळता.

हा संग्रह नोव्हेंबर १९९० मधला. तिचा पहिला आल्बम १९८३ चा, म्हणजे जेमतेम सात वर्षांची कमाई. त्यात पंधरा गाजलेली गाणी आणी शेवटी 'जस्टिफाय माय लव्ह' आणि 'रेस्क्यू मी' ही दोन नवी. मांडणी साधारण काळाच्या क्रमाने आहे, म्हणून आवाज वाढताना ऐकू येतो. 'हॉलिडे'मधला तो पातळ, चिवचिवता सूर आणि आठव्या क्रमांकावरचं १९८६ चं 'लिव्ह टू टेल' यांच्यात तीनच वर्षं आहेत. पण 'लिव्ह टू टेल'मध्ये ती खालच्या पट्टीत उतरते, मध्येच वाद्यं जवळजवळ थांबतात, आणि पुन्हा ती गायला लागते तेव्हा मी आजही श्वास धरून बसते.

हे सगळं पाठ आहे मला. म्हणूनच संध्याकाळी जे झालं त्याने अजून झोप येत नाहीये.

तिचा १९८९ चा 'लाइक अ प्रेयर' आल्बम मी आयुष्यात पहिल्यांदाच सलग लावला. 'एक्स्प्रेस युवरसेल्फ' सुरू झालं आणि वाटलं, हे दुसरंच काहीतरी लागलं. शब्द तेच, चाल तीच, पण ताल वेगळा, आणि मागे ब्रासची वाद्यं खुलेपणाने वाजतायत. माझ्या डोक्यातलं गाणं हे नव्हतंच! संग्रहातलं तेरावं गाणं म्हणजे शेप पेटिबोन या डीजे-निर्मात्याने केलेल्या रीमिक्सवर बेतलेलं रूप. 'लाइक अ प्रेयर' या गाण्याचंही तसंच: चर्चमधल्या भक्तिगीतांसारखं गॉस्पेल समूहगान जागेवर आहे, पण खालचा ठेका नाचायचा करून टाकलाय. पहिल्या आल्बमवर 'हॉलिडे' सहा मिनिटांहून मोठं, इथे ते चारच मिनिटांचं.

पेटिबोननेच १९९० मध्ये मॅडोनासोबत 'व्होग' हे गाणं केलं. म्हणजे जुनी गाणी त्याच हातांनी १९९० च्या डान्स फ्लोअरवर आणून उभी केलेली. शिवाय सगळा संग्रह क्यूसाउंड नावाच्या तंत्रात मिसळलेला, ज्यात दोनच स्पीकरमधून आवाज खोलीभर फिरल्याचा भास होतो. 'व्होग'च्या सुरुवातीला ताईच्या खोलीची भिंत मागे सरकल्यासारखी वाटायची ते बहुतेक यामुळेच.

आजीचं आठवलं. तिने नाट्यपदं तीन मिनिटांच्या तबकडीवर ऐकली होती. पुढे मैफलीत तेच पद अर्धा तास रंगलं, तेव्हा तिला सारखं वाटत राहिलं की आपली जागा कुठेतरी निसटली. तेव्हा मला तिचं म्हणणं कळलं नव्हतं.

मूळ 'एक्स्प्रेस युवरसेल्फ' मी लागोपाठ चार वेळा ऐकलं. चांगलं आहे, खरंच चांगलं. माणसं एका खोलीत बसून वाजवतायत अशी ऊब आहे त्यात. पण दुसऱ्या कडव्याशी माझं मन त्या घट्ट, धडधडत्या ठेक्याकडेच धावतं. तो मी बाराव्या वर्षी ऐकलाय, आणि माझ्यासाठी मूळ तोच.

एक खंत मात्र जुनीच. १९८७ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेलं 'हूज दॅट गर्ल' या संग्रहात घेतलं नाही, आणि 'ट्रू ब्लू'ही नाही. त्यामुळे ती दोन्ही मला खूप उशिरा भेटली. आज वाटतं, बरं झालं. निदान ती तरी मी आधी आहेत तशीच ऐकली.

ताईला फोन केला. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "सीडीवर ओरखडे नाहीत ना गं?" नाहीत. पुढच्या आठवड्यात ती येईल, तेव्हा दोन्ही 'एक्स्प्रेस युवरसेल्फ' एकापाठोपाठ लावायची ठरलंय. आधी कुठलं, यावर अजून एकमत नाही.