किब्बरची रात्र : डोकेदुखी उंचीची की बुखारीची?

हिमाचलमधल्या स्पितीच्या हिवाळी सहलीचे पैसे भरताना एजन्सीने जो अर्ज भरून घेतला, त्यात जेवण शाकाहारी हवे की जैन, जाकिटाचे माप काय, विमान किती वाजता उतरणार, हे सारे विचारलेले होते. निजायची खोली कशाने गरम होणार आणि तो जाळ रात्री विझवणार की पेटता ठेवणार, याबद्दल मात्र त्यात किंवा नंतर आलेल्या लांबलचक सूचनापत्रात एक ओळही नव्हती. त्याचा संताप अजून उतरलेला नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

हिवाळ्यात कुंझुम खिंड बर्फाने बंद असल्यामुळे मनालीकडून स्पितीत जाता येत नाही. शिमला, रामपूर, किन्नौर अशी लांबची वाट धरावी लागते. या वाटेने उंची हळूहळू वाढते, हा तिचा मोठा फायदा आहे. कल्पा, ताबो, काझा असे मुक्काम करीत आम्ही चढलो आणि कुठेही सांगण्यासारखा त्रास झाला नाही. हिमबिबट्या दिसावा म्हणून शेवटी 4,270 मीटर उंचीवरच्या किब्बरला पोहोचलो.

खोली देखणी होती. जाड मातीच्या भिंती, बुटके लाकडी छत, एकच लहान खिडकी आणि वारा अडवण्यासाठी तिच्यावर खिळ्यांनी ठोकलेला प्लास्टिकचा कागद. मध्यभागी पत्र्याची बुखारी, म्हणजे खोली गरम करणारी लाकडाची शेगडी होती आणि तिचे धुराडे छतातून बाहेर गेले होते. बाहेर उणे वीसच्या आसपास तापमान होते. एजन्सीच्या समन्वयकाने झोपण्याआधी बुखारीत लाकडे ठासून भरली, हवेची झडप जवळजवळ मिटवली आणि ‘आता सकाळपर्यंत बघायला नको’ असे सांगून तो शेजारच्या घरी निजायला गेला.

मध्यरात्रीनंतर डोके ठणकू लागल्याने मला जाग आली. मळमळत होते, उठून बसताना गरगरले. पत्नीला हलवले, तर तिचेही डोके तसेच दुखत होते. खोलीत धूर दिसत नव्हता. धुराड्याच्या सांध्यापाशी कोळशासारखा मंद वास तेवढा येत होता. डोकेदुखी, मळमळ आणि चक्कर ही विरळ हवेच्या त्रासाची लक्षणे आहेत आणि कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेचीही तीच आहेत. हवा अपुरी असताना लाकूड जळले की तयार होणाऱ्या या वायूला रंग नाही, वास नाही. उंचीचा त्रास असेल तर पडून राहायचे आणि तो वाढल्यास खाली उतरायचे; विषबाधा असेल तर पडून राहणे हाच धोका. समन्वयकाचा फोन लागत नव्हता, एजन्सीचा ‘चोवीस तास’ क्रमांक वाजून वाजून बंद होत होता आणि काझाचा रस्ता रात्री गोठलेला असतो.

सोबत रक्तातला ऑक्सिजन मोजणारा, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर होता. माझा आकडा 88 आला, आणि त्यावरून काहीच ठरेना. त्या उंचीवर निरोगी माणसाचाही आकडा नव्वदच्या खाली जातो. शिवाय हे साधे उपकरण रक्तातला कार्बन मोनॉक्साइड ऑक्सिजन समजूनच मोजते, त्यामुळे विषबाधा झालेल्या माणसाचा आकडाही चांगला दिसू शकतो. या आकड्यावर विसंबून कोणीही पुन्हा झोपू नये.

माझा निर्णय झाला तो एका गोष्टीवरून : त्रास दोघांना एकाच वेळी सुरू झाला होता. उंची प्रत्येकाला वेगवेगळी बाधते, खोलीतली हवा मात्र सगळ्यांची एकच असते. दार सताड उघडले, खिडकीचा कागद उपटून काढला आणि दोघे घरमालकीणबाईंना उठवायला गेलो. त्यांनी येऊन बुखारीची झडप पाहिली आणि त्यांचा चेहराच बदलला. ‘हम लोग कभी जलती छोड़कर नहीं सोते,’ त्या म्हणाल्या. त्यांनी निखारे पत्र्याच्या घमेल्यात काढून बाहेर बर्फात टाकले, धुराड्याचा निसटलेला सांधा हाताने चाचपून दाखवला आणि आम्हांला आपल्या स्वयंपाकघरात गोधड्यांत बसवले. तिथली चूल विझलेली होती. पहाटेपर्यंत दोघांचीही डोकी बरीच हलकी झाली. उंची तीच असताना त्रास उतरला, म्हणून मी बुखारीलाच जबाबदार धरतो. सकाळी काझाला उतरून डॉक्टरांना दाखवले. त्यांनीही तीच शंका व्यक्त केली.

लेखी तक्रारीला एजन्सीचे उत्तर आले की बुखारी ही स्थानिक पद्धत आहे. हे मला मुळीच मान्य नाही. स्थानिक पद्धत निजण्यापूर्वी जाळ विझवण्याची आहे, आणि ती पाळणारी बाई त्याच घरात होती. आपल्याकडे बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरने माणसे दगावतात तेही याच वायूने, त्यामुळे सहली विकणाऱ्यांना हे ठाऊक नसेल असे म्हणता येत नाही.

जाणार असाल तर पैसे भरण्याआधी बुखारी रात्री कोण विझवणार हे लेखी विचारा. कार्बन मोनॉक्साइडचा बॅटरीवरचा अलार्म मिळतो; तो सोबत न्या आणि उशाजवळ ठेवा. थंडीत बॅटरी लवकर मान टाकते, म्हणून जादा बॅटरी अंगावरच्या खिशात ठेवा. बुखारी विझल्यावर गरम पाण्याची पिशवी, लोकरीचे मोजे, कानटोपी आणि दोन जाड रजया पुरतात, हे आम्ही पुढच्या मुक्कामांत अनुभवले. खिडकी बोटभर उघडी ठेवा. आणि एक सांगायचे राहिले : उंचीच्या त्रासासाठी डायमॉक्स हे औषध घेणार असाल तर ते निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारूनच घ्या, विशेषतः सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर.