चिमणीचा अहवाल मर्यादेत, वास मात्र हद्दीबाहेर

कारखान्याच्या पर्यावरण विभागात माझं काम म्हणजे परवान्यातल्या अटी पाळल्या जातात का ते बघणं. धूळ किंवा सल्फर डायऑक्साइडची मर्यादा आकड्यात दिलेली असते, मोजलं की कळतं. वासाची अट एका ओळीची: हद्दीबाहेर त्रासदायक वास जाता कामा नये. सगळ्यात जास्त कस लागतो तो याच ओळीपाशी.

सडक्या अंड्यांसारख्या वासाच्या तक्रारी वाढल्या आणि नियामक कार्यालयाने खुलासा मागवला. व्यवस्थापक म्हणाले, "चिमणीचा अहवाल मर्यादेत आहे ना? तोच जोडून पाठवा." अहवाल खरा होता. पण नमुना भर दुपारचा, आणि फाटकावरच्या तक्रारवहीत जवळपास सगळ्या वेळा पहाटेच्या. पहाटे वारा पडलेला असतो आणि जमिनीलगतची थंड हवा वर चढत नाही. उंच चिमणीतून निघालेला वायू अशा वेळी बहुधा वरच तरंगतो; खाली सुटलेला मात्र पातळ न होता जमिनीलगत सरकत लोकांच्या घरापर्यंत पोचतो. म्हणजे शोधायचं होतं ते खालीच.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत बाहेरूनच थेट कुंपणाशी गेले. आत तासभर काम केलं की नाक सरावतं आणि वास येईनासा होतो, म्हणून हे आवश्यक होतं. सडक्या अंड्यांचा वास ज्याचा असतो तो हायड्रोजन सल्फाइड वायू अब्जात काही भाग असला तरी नाकाला कळतो, तिथे खिशातला मीटर शून्यच दाखवतो. उलट दशलक्षात शंभर भागांच्या आसपास तो वास घेण्याची शक्तीच मारतो. त्यामुळे कुंपणाशी भरवसा नाकावर आणि टाकीजवळ फक्त मीटरवर, हा माझा नियम.

वास गाळाच्या टाकीच्या बाजूने येत होता. टाकीला झाकण आहे, आतली हवा पंख्याने ओढून स्क्रबरमध्ये जाते, तिथे कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने धुतली जाते. पंखा चालू होता, अँपिअरही नेहमीसारखे. मास्क चढवून मी झाकणाच्या फटीजवळ हवेची दिशा दाखवणारी धुराची नळी धरली. धूर आत ओढला जायला हवा होता. तो सरळ माझ्या अंगावर आला.

पाळीवरचा ऑपरेटर म्हणाला, "मॅडम, पहाटे मिक्सर लावला की झाकण थरथरतं. पण पंखा चालू दिसतो, म्हणून कुणी लक्ष देत नाही." त्याच्या या एका वाक्याने अर्धं काम झालं. रात्रभर साचलेल्या गाळात वायू विरघळून राहतो, ढवळलं की एकदम सुटतो. मग तो ओढला का जात नव्हता? टाकीतली हवा स्क्रबरकडे नेणाऱ्या डक्टवर, म्हणजे मोठ्या नळीवर, पान्याने ठोकत गेलो. एका जागी आवाज बद्द आला. आधार खचून डक्टला झोळ पडला होता आणि वाफेचं पाणी तिथे साठून वाट पार बुजली होती. पंखा बंद करून फ्लँज, म्हणजे डक्टचा बोल्टचा जोड, सैल केला, तर काळं पाणी धो धो वाहिलं.

व्यवस्थापकांशी वाद झाला तो खुलाशावरून. दोष लिहून द्यायचा म्हणजे स्वतःहून दंड ओढवणं, असं त्यांचं म्हणणं. माझं म्हणणं होतं की लोकांना मळमळतं, डोकी दुखतात, खिडक्या बंद ठेवाव्या लागतात. त्यांच्यासमोर चिमणीचा कागद नाचवणं म्हणजे त्यांना खोटं पाडणं. दुरुस्तीनंतर टाकीवरच्या हवेचे नमुने पिशव्यांत भरून ऑल्फॅक्टोमेट्रीला पाठवायचं मी सुचवलं. तिथे पारखलेल्या नाकांची माणसं पातळ करत आणलेली हवा हुंगतात. निम्म्यांना वास जेमतेम कळतो ती पातळी म्हणजे एक गंध एकक. युरोपीय मानक एन 13725 प्रमाणे नमुना 30 तासांच्या आत तपासावा लागतो. शेवटी कारण, दुरुस्ती आणि तारखा लिहिलेल्या खुलाशावर त्यांनी सही केली.

डक्टला नवा आधार, झोळाच्या जागी निचऱ्याचा कॉक आणि टाकीवर हवेची ओढ मोजणारा ड्राफ्ट गेज बसवला. आता मिक्सर लावण्याआधी टाकीतला ऋण दाब, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा आतला दाब किती कमी आहे ते, वहीत लिहायचा. ऋण दाब मिळत नसेल तर मिक्सर लावायचा नाही.