आमची वाटचाल : रंगाच्या डब्याकडून पॉलिश पेपरकडे

जुनं फर्निचर नवं करून देण्याचं आमचं काम सुरू झालं फ्रेंच पॉलिशपासून. लिटरभर स्पिरिटला साधारण १५० ग्रॅम चपडा (लाखेच्या पापड्या), रात्रभर विरघळवून फडक्यातून गाळायचा आणि बोळ्याने पातळ हात मारत जायचं. तेव्हा गिऱ्हाईक म्हणायचं, ‘होतं तसं करून द्या.’ पुढे लोक मोबाइलवरचे फोटो घेऊन येऊ लागले : वेताच्या दारांचं कपाट, उभ्या पट्ट्यांचे ड्रॉवर, पितळी मुठी. शोरूममधली किंमत ऐकून परत फिरलेले, आणि घरी आजोबांचं सागवान माळ्यावर पडलेलं. तिथून कामाची दिशा बदलली.

सुरुवातीला आम्ही रंगावर भर दिला आणि मार खाल्ला. सनमायका रंग पीत नाही. थेट ऑइल पेंट मारला तर महिन्याभरात नखाने सालीसारखा निघतो. आता क्रम ठरलेला आहे. आधी साबणाच्या पाण्याने धुणं, मग १८० नंबरच्या पॉलिश पेपरने फक्त चकाकी जाईपर्यंत घासणं, मग स्पिरिटचं फडकं. स्वयंपाकघरातली दारं आधी घासून मग धुतली, तर तेलकटपणा ओरखड्यांत जाऊन बसतो आणि अस्तराला (प्रायमरला) तिथे डोळ्यांसारखे गोल खळगे पडतात. गुळगुळीत पृष्ठभागाला धरणारं खास अस्तर घ्यायचं, २४ तास थांबायचं, ३२० ने हलका हात फिरवायचा आणि फोमच्या रोलरने रंगाचे दोन पातळ हात. हाताला सुकलेला रंग पक्का व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. त्याआधी ठेवलेली फुलदाणी आपला ठसा सोडून जाते. पांढरा ऑइल पेंट अंधाऱ्या कोपऱ्यात पिवळा पडतो. हळदीचे डाग तर विचारूच नका, म्हणून ओट्याखालच्या दारांना आम्ही पांढरा सुचवत नाही.

वेताचं काम मात्र आमच्या आवडीचं. चंडीगडसाठी वास्तुरचनाकार पिएर जानरे यांनी १९५० च्या दशकात केलेल्या सागवान-वेताच्या खुर्च्या आज परदेशी लिलावात लाखोंना जातात. तेच सागवान, तोच वेत आपल्याकडच्या जुन्या खुर्च्यांतही सापडतो. आधी चौकट पाहायची. कडेने खोबण असेल तर तयार जाळी बसते. ओळीने भोकं असतील तर ती हाताने विणायची खुर्ची आहे, तिच्यावर तयार जाळी ठोकू नये.

खोबणीत जाळी दाबून धरणारी जुनी काठी पटाशीने काढून जुना गोंद खरवडायचा. जाळी प्रत्येक बाजूने दीड इंच जास्त कापून कोमट पाण्यात अर्धा तास भिजवायची. कोरडी वाकवली तर वेत तडकतो. चकचकीत बाजू वर, जाळीची रेघ पुढच्या दांडीला समांतर. आधी मागे, मग पुढे, मग दोन्ही बगलांना मधोमध पाचरी, कोपरे शेवटी. मग खोबणीत फेविकॉल आणि वरून भिजवलेली काठी लाकडी हातोडीने. काठी खोबणीपेक्षा थोडी बारीक हवी, कारण जाळीची जाडीही तिथेच मावायची असते. ओली जाळी हाताला किंचित ढिली लागली पाहिजे. ती सुकताना आखडते. आधीच ताणली तर काठीजवळ फाटते नाहीतर चौकटीचा सांधा उघडते. दोन दिवस कुणी बसायचं नाही. पॉलिश वरूनच, खालची बाजू उघडी ठेवली की अधूनमधून ओलं फडकं फिरवता येतं आणि वेत ठिसूळ होत नाही. प्लॅस्टिकची जाळी अशी आखडत नाही, ती बसून बसून झोळ धरते. कपाटाच्या दाराला चालेल.

पट्ट्यांचे ड्रॉवर दिसायला सोपे. १८ इंच रुंदीला पाऊण इंची अर्धगोल पट्ट्या २४ लागतात. प्रत्येक पट्टी ०.२ मिलिमीटर जास्त रुंद निघाली तरी शेवटी जवळजवळ ५ मिलिमीटर बाहेर येतात आणि ड्रॉवर अडतो. म्हणून सगळ्या आधी कोरड्या मांडायच्या, मधून सुरुवात करायची, कडेच्या दोन घासून बसवायच्या. पट्ट्यांच्या फटीत ब्रश जात नाही, तेव्हा अस्तर पट्ट्या चिकटवण्याआधीच लावायचं. मुठीची जुनी भोकं नुसत्या लांबीने (पुट्टीने) भरली तर स्क्रू धरत नाही. लाकडाची काडी फेविकॉलमध्ये बुडवून ठोकावी. नव्या मुठीच्या दोन स्क्रूंमधलं अंतर बहुधा ९६ किंवा १२८ मिलिमीटर असतं.

बिलात रंगापेक्षा घासकामाची मजुरी मोठी, हे लक्षात आल्यावर आम्ही काम वाटून द्यायला लागलो. घासणं तुमचं, सांधे आणि शेवटचा हात आमचा. सोबत ८०, १२०, १८० आणि ३२० नंबरचे पेपर देतो. एक अट : जुना ऑइल पेंट कोरडा घासायचा नाही. रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात ते भरपूर असू शकतं. पाणी लावून, मास्क घालून घासा, मुलांना लांब ठेवा.

जुलै-ऑगस्टमध्ये फ्रेंच पॉलिश घेत नाही. दमट हवेत ते पांढरं पडतं. पाण्याने फुगलेला पार्टिकल बोर्डही नाही. तो घासून खाली बसत नाही आणि स्क्रूही धरत नाही.

विचारणा करताना पसंतीच्या डिझाइनचा फोटो नंतर पाठवा. आधी तुमची खुर्ची उलटी करून पायांच्या सांध्यांचा फोटो काढा आणि खाली लाकूड पोखरणाऱ्या किडीचा पिठासारखा भुसा पडतो का, ते बघून कळवा.