ड्रोनचा स्पीड वाढला की पाडणाऱ्याचं गणित कसं बोंबलतं

हल्ली कुठेही ड्रोनचा विषय निघाला की कोणीतरी छातीठोकपणे सांगतंच, त्यात काय एवढं, जॅमर (ड्रोनचे रेडिओ सिग्नल बिघडवणारं यंत्र) लावला की झालं. म्हटलं एकदा बसून सेकंद मोजूया. कारण ड्रोन जोरात यायला लागला की सगळ्यात आधी निकामी होतात ती स्वस्तातली उत्तरं, आणि युक्रेनमध्ये सध्या नेमकं हेच चाललंय.

शाहेद-१३६ बहुतेकांना माहिती असेल. लक्ष्यावर जाऊन आदळून फुटणारा ड्रोन, इराणी डिझाइन, साडेतीन मीटर लांब, वजन दोनशे किलोच्या आसपास, मागे छोटं पिस्टन इंजिन आणि पंखा, स्पीड ताशी साधारण १८५ किमी. रशियाने सप्टेंबर २०२२ पासून ही वापरायला घेतली आणि आता तातारस्तानात अलाबुगाला स्वतःच बनवतात, गेरान-२ नावाने. आवाज एवढा की तिकडचे लोक त्याला सरळ मोपेड म्हणतात. युक्रेनने त्या आवाजाचाच फायदा घेतला, देशभर खांबांवर हजारो मायक्रोफोन लावले, एकेक सेन्सर चार-पाचशे डॉलरचा, आणि त्यावरून ड्रोन कुठून कुठे चाललाय ते कळतं, मग पिकअपवर मशीनगन आणि सर्चलाइट लावलेली टीम वाटेत जाऊन उभी राहते. हा जुगाड मला अजूनही भारी वाटतो. कारण दुसरा पर्याय काय, तर पॅट्रियट या अमेरिकन हवाई संरक्षण यंत्रणेचं एकेक मिसाइल, म्हणजे चाळीसेक लाख डॉलर, आपले तीस कोटींच्या वर, ते वीस-पन्नास हजार डॉलरच्या वस्तूवर उडवायचं. आणि ७ सप्टेंबर २०२५ला एका रात्रीत ८००च्या वर ड्रोन आले होते, त्यात प्लायवूड-फोमचे नुसते फसवायला पाठवलेलेपण असतात. किती मिसाइल पुरणार!

मग शाहेद वर गेले. दोन-तीन किमी उंचीवरून यायला लागल्यावर मशीनगनच्या गोळ्या पोचेनात. जॅमिंगचंही तेच, आता त्यांच्यावर जॅमिंगला दाद न देणारे अँटेना असतात. त्यावर युक्रेनने काढलेलं उत्तर म्हणजे इंटरसेप्टर ड्रोन, स्टिंगसारखे, बंदुकीच्या गोळीसारख्या आकाराचे चार पंख्यांचे ड्रोन, म्हणजे क्वाडकॉप्टर, स्पीड ३००च्या वर, किंमत दोनेक हजार डॉलर. खाली बसलेला पोरगा गॉगल लावून तो सरळ शाहेदवर नेऊन आपटतो. मी स्वतः हौस म्हणून एफपीव्ही (गॉगलमध्ये ड्रोनच्या कॅमेऱ्यातून बघत उडवायचा ड्रोन) उडवतो, माझा पाच इंची क्वाड फुल थ्रॉटलला बॅटरी कशी खातो ते मला चांगलं माहितीये, त्यामुळे हे लोक क्वाडला ३००ला नेऊन वर टार्गेट गाठतात हे वाचून मी गार पडलो होतो. (दक्षिण आफ्रिकेच्या ल्यूक बेल आणि त्याच्या वडिलांनी घरी बनवलेल्या क्वाडने २०२४मध्ये ताशी ४८० किमीचा गिनेस रेकॉर्ड केला, तोही असाच गोळीसारखा दिसतो. पण रेकॉर्डला सरळ रेषेत एक झपाटा पुरतो, इथे रात्रीच्या अंधारात शोधून धडकायचं आहे.)

आता येतो जेटवाला. इराणने नोव्हेंबर २०२३मध्ये शाहेद-२३८ दाखवला, रशियाचा तो गेरान-३. स्पीडबद्दल सुरुवातीला ५००-६०० वगैरे बोललं जायचं, युक्रेनकडून नंतर आलेले आकडे ३०० ते ३७०चे आहेत. आपण ३६० धरू, हिशोबाला सोपं, सेकंदाला बरोबर शंभर मीटर. जुना शाहेद सेकंदाला एक्कावन्न मीटर. म्हणजे मशीनगनच्या टप्प्यातला दोन किमीचा पट्टा जुना ३९ सेकंदात पार करतो आणि नवा २० सेकंदात, त्यात दिवा मारायचा, शोधायचा, नेम धरायचा. आणि स्टिंगचं तर बघायलाच नको, १८५वाल्याला मागून गाठता येत होतं, ३६०वाल्याच्या मागे लागणं म्हणजे सुटलेल्या फास्ट लोकलमागे प्लॅटफॉर्मवरून पळणं. मग उरतं समोरून जाणं. समोरासमोर ३०० अधिक ३६०, सेकंदाला १८३ मीटर. माणसाला बघून हात हलवायला ०.२ सेकंद लागतात असं धरलं तरी तेवढ्यात मधलं अंतर ३७ मीटरने कमी झालेलं असतं, आणि समोरच्याचे पंख आहेत अडीच-तीन मीटरचे. व्हिडिओचा लॅग मी अजून धरलाच नाहीये. म्हणून शेवटच्या टप्प्यात कॅमेऱ्यानेच टार्गेट पकडून ठेवायचं, पायलटने नाही, अशा दिशेने सगळे पळतायत, आणि मला वाटतं दुसरा मार्गच नाही.

पण स्पीड फुकट मिळत नाही हेही लोक विसरतात. जेट इंजिन महाग, इंधन जास्त पितं, त्यामुळे पल्ला घटतो, आणि मागून एवढी गरम हवा सोडतं की उष्णता शोधणाऱ्या मिसाइलला ते पिस्टनवाल्यापेक्षा चांगलं दिसतं. म्हणजे गेरान-३ हळूहळू स्वस्त क्रूझ मिसाइल होत चाललाय, आणि क्रूझ मिसाइलवर महागडं मिसाइल मारायला कोणाचा हात आखडत नाही. एका रात्रीत आठशे जेटवाले पाठवणं रशियालाही सोपं नाही. त्यामुळे मला जास्त भीती वाटते ती मिक्सची, शंभर मोपेड आणि त्यात पाच-दहा जेट, म्हणजे ज्या टीम मोपेडच्या मागे गुंतल्यात त्यांच्या डोक्यावरून हे निघून जाणार.

आपल्याकडे ८-९ मे २०२५च्या रात्री पाकिस्तानने ३००-४०० ड्रोन ३६ ठिकाणी पाठवले असं सरकारने सांगितलं होतं. त्यात तुर्की सोंगरसारखे होते, म्हणजे हळू चालणारे, आणि जुन्या एल-७० विमानविरोधी तोफांनीसुद्धा चांगलं काम केलं. लगेच १३ मेला ओडिशात गोपालपूरला भार्गवास्त्रची चाचणी झाली, आपल्या नागपूरच्या सोलार डिफेन्सचं. छोटे छोटे रॉकेट एकदम सोडून ड्रोनचा थवाच उडवायचा, मारा अडीच किमीपर्यंत, छोटा ड्रोन सहा किमीच्या पुढून दिसतो. स्वस्त आणि थोकात, आयडिया एकदम बरोबर आहे, नागपूरकरांनी मिरवायला हरकत नाही. फक्त हेच गणित तिथे लावून बघा. सहा किमीवर दिसलेला १८५वाला अडीच किमीपर्यंत यायला अडुसष्ट सेकंद घेतो, ३६०वाला पस्तीस. त्या पस्तीस सेकंदांत तो आपलाच नाही ना हे तपासायचं, खाली वस्ती आहे का बघायचं, वरून परवानगी घ्यायची आणि मग बटण दाबायचं. रॉकेट सुधारता येईल, रडार अजून लांबचं लावता येईल, पण परवानगीचा फोन किती वेळ चालतो याचं उत्तर मला अजून कुठल्या ब्रोशरमध्ये दिसलेलं नाही.